विश्वाचा धुरा

आमच्या घरात कुणाला काही समजेनासं झालं की मला विचारतात. मला समजतं म्हणून नाही. मी सांगायला लागलो की थांबत नाही म्हणून. त्यामुळे विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी नववीतल्या लेकीला विश्व समजावायला फुलसावंगीच्या आमच्या अंगणात मीच बसलो.

वर्गातल्या बाकीच्यांनी ठिबक सिंचन नाहीतर बायोगॅस घेतलं होतं. हिनं हट्टानं ‘विश्वाचं प्रसरण’ मागून घेतलं, आणि आता तिलाच ते उमगत नव्हतं.

“उद्या सरांना सांगून देतो बाबा, विषय बदला म्हनून,” ती म्हणाली. आवाज रडवेला होता.

“काहून बदलतं? सोपं तर आहे. रिकामं वावर समज. मधोमध सुतळी बॉम्ब फुटला. तुकडे चहूकडं उडाले, अजून उडूनच राह्यले.”

“वावर आधीपासूनच होतं?”

“असनच ना!”

“पुस्तकात तर हाये, आधी जागाच नव्हती. जागाच पसरून राह्यली.”

इथं माझी गाडी रुतली. वावराच्या वाटण्या होताना मी पाहिल्या आहेत, वीतभर धुऱ्यासाठी, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधासाठी, भाऊबंदांची बोलणी बंद झालेली पाहिली आहेत. पण वावर स्वतःच वाढलं असं आमच्या शिवारात कधी ऐकलं नाही. वाढायचं तर शेजाऱ्याचं वावर खावं लागणार.

“मंग धुऱ्यापलीकडं कोनाचं वावर हाये?” मी विचारलं.

“पलीकडंच नाही, बाबा.”

“असं कसं? सातबाऱ्यावर चतुःसीमा तर लागतेच ना!”

शेजारी बायको आणि वहिनी उडदाचे पापड लाटत होत्या. वहिनींनी लाटणं थांबवलं. “भाऊजी, पोरीले समजावून राह्यले का तलाठ्याकडं नेऊन राह्यले?”

बायकोला हसू आवरेना. मी चिडून तिच्या पुढ्यातली लाटी उचलली, वर चिमूटभर जिरं टाकलं आणि लेकीला म्हणालो, “हे पाय. हे तारे. आता लाट, म्हंजे मधून कसे उडतात ते दिसन तुले.”

मला सुतळी बॉम्बच सिद्ध करायचा होता. पण लेक लाटता लाटता एकदम थांबली.

“काकू, यातलं एक जिरं धरा. त्याच्यापासून बाकीचे कुठं गेले?”

“दूर,” वहिनी म्हणाल्या.

“आई, तू काठाजवळचं धर.”

“त्याच्यापासूनही दूरच गेले,” बायको म्हणाली.

“म्हंजे कोनीच उडालं नाही. जिरं जिथल्या तिथंच हाये, मधला पापड वाढला!” लेकीचे डोळे चमकले. “ज्याले त्याले वाटते आपनच मधोमध.”

“पन पापडाच्या खाली पोळपाट हाये,” मी म्हणालो.

“बाबा, पोळपाट सोडा ना आता!”

मी सोडायचा खूप प्रयत्न केला. पोळपाटाशिवाय पापड डोळ्यांपुढं यायचा, आणि लगेच खाली पडायचा.

तिनं विषय बदलला नाही. प्रदर्शनात तिच्या टेबलावर तक्ता होता, पोळपाट-लाटणं आणि वर जिरं टाकलेली लाटी. तपासायला आलेल्या सरांनी चष्मा वर सरकवत विचारलं, “विश्वाचं केंद्र कुठं असतं, बेटा?” मी भिंतीशी उभा होतो. ती माझ्याकडं बघेल आणि मला उत्तर द्यावं लागेल, या भीतीनं मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

तिनं बघितलंच नाही. सरांच्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाली, “सर, तुमचं एक जिरं ठरवा. मंग लाटा.”

सर लाटू लागले. पापडाचा आकार महागाव तालुक्याच्या नकाशासारखा होत गेला. मधेच ते थांबले, वाकून पाहिलं आणि हसले. “अरे, मीच केंद्र!” मग शेजारच्या जिऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “आणि हेही.”

लेक मान डोलवत होती. मीही डोलवली. दुरूनच एक जिरं मीही मनाशी धरून ठेवलं होतं, पण सर लाटत असताना ते नेमकं कुठलं, तेच विसरून गेलो.