टाकीवरचे मामा

पुरी काही फुगेना. आचारी झारा धरून माझ्याकडे असा पाहत होता, जशी काही पुरी मीच लाटली होती.

"तेलच तापून नाई राह्यलं, साहेब," तो म्हणाला.

मी गोबरगॅस योजनेचा सुपरवायझर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रॉकेल रेशनवर मिळायचं. रिसोडजवळच्या एका गावात, वासुदेवरावांच्या गोठ्यामागे खात्यानं अर्धा पैसा घालून पहिला प्लांट बांधला होता. हा चालला तरच पुढचे मंजूर होणार होते. प्लांट म्हणजे काय, तर शेणकाल्यानं भरलेली विहीर आणि तिच्यात तरंगणारी उपडी लोखंडी टाकी. शेणाचा गॅस टाकीत साठतो आणि टाकीच्याच वजनानं पाइपातून शेगडीकडे जातो.

वासुदेवरावांना प्लांटचं भारी कौतुक. पोरीच्या लग्नात वरपक्षाच्या पुऱ्या गॅसवरच तळायच्या, असा हट्ट. त्यासाठी शेगडी स्वयंपाकघरातून मांडवात आणली आणि रबरी नळी जोडून लांबवली. इथंच घोडं पेंड खात होतं. नळी लांब झाली की दाब कमी पडतो. टाकीवर वजन ठेवायचं म्हणून मी रेतीची पोती आणायला माणूस नाल्यावर धाडला.

आमच्याकडे लग्नात रुसायला एक माणूस लागतोच. इथं तो मान नवरदेवाच्या मामांकडे होता. सकाळी ते पानावरून रुसले, मग गादीवरून. आता आयतं शेण सापडलं.

"शेनाच्या गॅसवरचं आमी खात नाई. वऱ्हाड वापस नेतो," मामा म्हणाले.

पोरीची आई रडायलाच लागली. हे वऱ्हाड उठलं असतं, तर त्या भागात पुन्हा कोणी गोबरगॅसचं नाव काढलं नसतं.

त्यात पुरीही फुगत नव्हती; टाकीत गॅसच नाही हे साऱ्यांना दाखवायला मामा तावातावानं टाकीवर चढले. मी धावलो आणि आधी त्यांच्या तोंडातली बिडी काढून घेतली. मामा अंगानं चांगले भरभक्कम. टाकी हळूच खाली दबली आणि मांडवातून आचारी ओरडला, "फुगली!"

मामा उतरले, जाळ बसला. हातापाया पडून पुन्हा चढवले, जाळ वर आला.

वासुदेवरावांनी हात जोडले. "मामा, पंगत होईस्तोवर बसा. तुमच्याबिगर पुरी फुगत नाई."

मग टाकीवर गादी गेली, तक्क्या गेला, पानाचं तबक गेलं. ताटही वरच पोचवलं, आणि मामांनी त्याच पुऱ्या मागून मागून खाल्ल्या. रेतीची पोती आली तेव्हा ते उतरायला तयार होईनात.

"मी बसलो ना इथं. पोते कायले?"

पोरगी सुखानं सासरी गेली. खात्यातल्या साहेबांनी पुढचे प्लांट मंजूर केले. पहिला अर्ज मामांचा. त्यांच्या गावी टाकी बसवली तेव्हा मी पोत्यांचं सांगितलं, तर ते म्हणाले, पोती राहू द्या, चढायला शिडी तेवढी करून द्या.

शिडी योजनेत बसत नव्हती, तरी मी ती करून दिली. रुसलेल्या माणसाला समजावत बसू नये, त्याला काम द्यावं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.