तारेने बांधलेला स्विच

"कांबळेला डिसमिस करा. विषय संपला," मॅनेजर साहेब म्हणाले.

मी अंबरनाथच्या त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. ८६ साल असावं. आमच्याकडे पत्रा कापायचे पॉवर प्रेस होते. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. गार्ड उघडा असला की एका स्विचमुळे मशीन चालत नाही. ऑपरेटर कांबळेने तो स्विचच तारेने बांधून ठेवला होता, माल भराभर निघावा म्हणून. त्याची पाळी संपल्यावर सावंत त्या मशीनवर आला आणि त्याची दोन बोटं गेली.

युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तीन मुली आहेत त्याला. या वेळी सोडून द्या."

"तार मीच बांधली," कांबळे म्हणाला.

ती तार टेबलावर होती. मी हातात घेतली. तिच्यावर ऑइल आणि धुळीचा जाड थर होता. असा थर दोन दिवसांत बसत नाही. दर सोमवारी प्रत्येक मशीन तपासून चेकलिस्टवर सही करायची, हे माझं काम. अपघाताच्या दोनच दिवस आधी, सोमवारी, मी 'गार्ड ओके' लिहिलं होतं. केबिनमध्ये बसून. मी मशीनपाशी फिरकलोच नव्हतो हे कांबळेला माहीत होतं, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

"साहेब, मलाही चार्जशीट द्या."

"जाधव, वेड लागलंय का? तुम्ही ऑफिसर आहात!"

"म्हणूनच. त्याने तार बांधली, मी ओके लिहिलं."

सेक्रेटरी खूश झाले. "म्हणजे आमचा माणूस सुटला!"

"नाही," मी म्हणालो. "दया मलाही येते. पण बोटं सावंतची गेलीत. शिक्षा दोघांनाही हवी, ज्याच्या त्याच्या चुकीएवढी."

बरीच वादावादी झाली. शेवटी कांबळे दहा दिवस सस्पेंड झाला, नोकरी वाचली. मला मेमो मिळाला आणि प्रमोशन तीन वर्षं लांबलं.

सावंत उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये होता. मी जाऊन त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली.

तो म्हणाला, "माफीचं राहू द्या, साहेब. बाकीचे प्रेस बघितले का?"

"बघितले. अजून दोन ठिकाणी तार निघाली."

त्याने डोळे मिटले. "मग ठीक."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला तो एकच मेमो मिळाला, तोही मागून घेतलेला. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. सही खुर्चीत बसून करता येते. तपासणीला मशीनपाशी जावं लागतं.