दाढेवरचं काळं औषध

लेकीची दाढ किडली ती नेमकी सुपरवायझर बाई रजिस्टर तपासायला येणार होत्या त्या आठवड्यात. म्हणजे मला मरायलाही फुरसत नव्हती. देवरीजवळच्या गावात मी अंगणवाडी सेविका. दिवसभर लोकांच्या लेकरांना दात कसे घासायचे ते शिकवायचं आणि घरी आल्यावर न्हाणीमागे उभं राहून डबीतली गुडाखू बोटानं हिरड्यांवर चोळायची. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा. बाळंतपणात दाढ ठणकली तेव्हा सासूबाईंनी लावून दिला होता, तो काही सुटला नाही. गावातल्या निम्म्या बाया लावतात. कोणी कोणाला विचारत नाही.

लेक तेव्हा पाच वर्षांची. दिवाबत्तीच्या वेळेला गाल धरून रडायला लागायची. लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. नवरा म्हणायचा, "दुधाचा दात होय, पडूनच जाते. कायले गोंद्याले धावून राहिली?"

मलाही गोंदियाला दातांच्या दवाखान्यात धावायचं नव्हतंच. चुलीवर भात, मांडीवर रजिस्टर आणि कानात ते रडणं. तिसऱ्या संध्याकाळी मी चिमूटभर गुडाखू तिच्या दाढेवर दाबली. दहा मिनिटांत पोरगी गप्प. डोळे जड झाले आणि ती झोपली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पुढच्या संध्याकाळी पुन्हा लावली, तर तिला ओकारी झाली. सकाळी गाल सुजलेला. आणि उठल्या उठल्या ती म्हणाली, "आई, काळं औषध लाव ना."

"दुखून राहिलं का?"

"नाही. पण लाव ना."

मी डबी कमरेला खोचली.

रजिस्टर तसंच टाकून मी गोंदियाची बस धरली. बसमध्ये तिला सारखी बजावत होते, "डॉक्टरबाईले सांगू नको, आईनं काय लावलं ते." ती मान डोलवायची. बाकीच्या आयांना सुईची भीती वाटत असेल, रक्ताची वाटत असेल. मला एकच भीती होती. डॉक्टर आधी तिच्या तोंडात पाहील आणि मग माझ्याकडे पाहील.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हिंदी बोलणाऱ्या. "बेटा, आ करो," म्हणाल्या. पोरीनं ओठ गच्च मिटले. गोड बोलून झालं, छोटा आरसा हातात देऊन झाला, माझे डोळे वटारून झाले.

"उघड ना माय, काऊन अशी करून राहिली?"

तिनं नुसती नकाराची मान हलवली.

"डर गई है," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूजन तो है, पर मुँह ही नहीं खोलेगी तो क्या करूँ? परसों लाइए."

पोरगी घाबरली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. आत काळं दिसलं तर आई सापडेल, एवढं त्या लेकराला कळत होतं. त्या सुजलेल्या गालानं ती माझी राखण करत बसली होती. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"मॅडम, गुडाखू लावली मी तिच्या दाढेले. दोनदा. मी सोता पण लावते. अंगणवाडी सेविका आहो मी."

लेकीचे ओठ तसेच मिटलेले. आईनं स्वतःच सांगून टाकलं, हे तिला खरं वाटेना. मग मी तिच्यासमोर वाकले आणि आ केला. त्या बाळंतपणानंतर मी पदर तोंडाला न लावता कोणासमोर हसलेही नव्हते. काळ्या हिरड्या, एक दाढ अर्धी तुटलेली. लेकीनं आत डोकावून बराच वेळ पाहिलं. मग तिनं तोंड उघडलं.

दाढ काढावी लागली. ती रडली, पण फार नाही. निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "इसकी तो नई आ जाएगी. आपकी नहीं आएगी."

बसस्टँडवर मी डबी फेकून दिली. दोन दिवस डोकं फुटायला आलं, चुलीपाशी बसवेना, रजिस्टरात चुका झाल्या. तिसऱ्या दिवशी नवी डबी आणली. तेव्हापासून कितीदा सोडली आणि कितीदा धरली. आता त्याचाही थकवा आला आहे.

लेकीची नवी दाढ पुढे चांगली आली. आता ती गोंदियाला नर्सिंग शिकते. सुट्टीत घरी आली की पिशवी ठेवायच्या आधी मला उजेडात बसवते आणि म्हणते, "आई, आ कर." कधी कधी मी बिनधास्त करते. मागच्या दिवाळीत मात्र ओठ मिटून बसले. सकाळीच लावली होती.

ती रागावली नाही. माझ्यासमोर वाकली आणि तिनंच आधी आ केला.