उंबराच्या पाण्याची गाणी

आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आजोबा कारखान्यात नोकरी लागली म्हणून वसईकडून अंबरनाथला आले, तेव्हा पोर्तुगीज आडनावाबरोबर लग्नाची एक रीतही घेऊन आले. लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि पाणी भरून आणतात, त्याच पाण्याने नवरीची आंघोळ. याला उंबराचं पाणी म्हणतात. जाता-येता म्हणायची गाणी सगळीच्या सगळी फक्त माझ्या आत्याला यायची.

माझं लग्न ठरलं त्याच्या वर्षभर आधी तिचा नवरा गेला होता. तरी महिनाभर रोज येऊन तिने आम्हा मुलींना गाणी शिकवली. आम्हाला दोन कडवी जेमतेम जमली. "राहू दे, मी आहे ना पुढे," ती म्हणायची.

पाण्याच्या दिवशी ती लाल लुगडं नेसून आली. आईने मला आत ओढलं. "विधवा बाई पुढे नको. उद्या काही झालं तर बोल आपल्यालाच. तूच सांग, तुझं ऐकेल."

मी नाही म्हणू शकले असते. पण जवळच्याच पालेगावच्या विहिरीवर सासरची माणसं येणार होती. सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "आत्या, तू घरीच थांब. जेवणाला पिठाचे फुगे तळायला कोणीतरी हवंच. आणि लुगडं बदल, तेल उडेल."

कोणीतरी हसलं. आत्या "बरं" म्हणाली आणि आत गेली.

विहिरीवर दोन कडव्यांनंतर आम्ही अडकलो. मग चुलत बहिणीला घरी पिटाळलं. ती कढईपाशी उभ्या आत्याला पुढची ओळ विचारून पळत यायची, आम्ही ती म्हणायचो, पुन्हा अडकायचो. अशा चार खेपा झाल्या. आम्हाला हसू आवरेना. आत्याने दर वेळी ओळ बरोबर सांगितली.

बारा वर्षांनी नव्या फादरांनी आपला वारसा जपायचा म्हणून कार्यक्रम ठरवला. त्यांना घेऊन मी बदलापूरला, शिरगावात आत्याच्या लेकीच्या घरी गेले.

"तुमच्याशिवाय ही गाणी जातील, आत्याबाई," फादर म्हणाले.

"मला नाही येत, फादर. हिला विचारा. विहिरीवर हीच होती."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मला दोन कडव्यांच्या पुढे एक शब्द येत नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. ती भाजी निवडत होती. मी खाली बसले, पाय धरले, रडले. खरंच रडले.

"आत्या, माफ कर मला."

तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. "माफी मागायला आलीस की गाणी न्यायला?"

मी पर्स जवळ ओढली.

"तो फोन बंद कर आधी."

पर्समध्ये रेकॉर्डिंग चालू होतं. मी बंद केलं. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, नवऱ्याची चौकशी केली. गाण्यांचा विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत आत्या गेली. शेवटचे काही महिने तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण गाणी यायची. लेक सांगत होती, दिवसभर पडल्या पडल्या म्हणायची. मी विचारलं, "मग तू रेकॉर्ड नाही केलीस?"

लेक म्हणाली, "भान होतं तेव्हाच तिने माझ्याकडून शपथ घेतली होती, रेकॉर्ड करायचं नाही म्हणून. तुझं नाव घेऊन."