दोनदा भरलेला ग्लास

घोडेगावच्या एसटी स्टँडवर चहा विकणाऱ्या त्या मावशी ग्लास कधीच पूर्ण भरत नसत. अर्धा देत, तो संपला की उरलेला अर्धा ओतत. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी थरथरता हात पुढे केला.

“माझ्या डोक्यात माणसं बोलायची. डॉक्टर म्हनले, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हाय, त्याचा जोर लई झालाय. गोळी तो जोर अडवती. पण हातबी त्या रसायनावरच चालतो, म्हणून थरथरतो.”

“मग गोळी बदलून घ्या की.”

“डॉक्टर डोस कमी करून बघत्यात. पण मी गोळी सोडनार न्हाई, भाऊ. अर्ध्या ग्लासावर धंदा व्हतो. डोक्यातल्या त्या गलक्यात गिऱ्हाइकाची हाकच ऐकू येत नव्हती.”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मावशी, उरलेला.”

त्या लगेच वळल्या.