आभारसरांची भिंत

विद्यापीठात त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळे त्यांना आभारसर म्हणत. वनस्पतिशास्त्र विभागात कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी आभार मानायचं काम त्यांच्याच गळ्यात पडायचं. नोकरीला लागल्या लागल्या एकदा नाही म्हणायचं राहून गेलं, तिथेच सर फसले. आणि आभार ऐकतं कोण? 'आज इथे उपस्थित' एवढे शब्द कानावर पडले, की मागच्या रांगा चहाकडे सरकायच्या. प्राध्यापक मंडळींचं ज्ञानावर प्रेम असतं हे खरं, पण बिस्किटं मोजकीच असतात.

आभारसरांचा जीव अडकला होता शेवाळात. भिंतीला ओल आली की लोक गवंडी शोधतात. हे भिंग शोधायचे. घरच्या न्हाणीघराची एक भिंत त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला घासू दिली नव्हती. पाहुणे नाक मुरडत, बायको कपाळाला हात लावी, आणि सर म्हणत, संशोधन चालू आहे. त्या शेवाळावरचं एक व्याख्यान त्यांना तोंडपाठ होतं, फक्त बोलवत कोणी नव्हतं. निवृत्ती तोंडावर आली, तरी हा माणूस आभारांखेरीज दुसरं काही बोलू शकेल, असं विभागाला एकदाही वाटलं नाही. हे त्यांना फार लागायचं.

अशात एका दुपारी बाहेरगावचे वक्ते तापाने आडवे झाले. सभागृह भरलेलं, बाहेर चहा उकळत ठेवलेला. विभागप्रमुख, म्हणजे आभारसरांचाच एकेकाळचा विद्यार्थी, त्याची पाचावर धारण बसली. तास कोणीतरी भरून काढायला हवा होता.

"सर, तुमचं ते हिरवं काहीतरी आहे ना," तो म्हणाला, "तेच बोला आज."

सरांनी आधी घरी फोन लावला. बायको हातातलं काम टाकून आली आणि पहिल्या रांगेत बसली.

सर व्यासपीठावर चढले. समोर अख्खा तास होता, आणि तो त्यांचा होता. त्यांना भरून आलं. विभागाने संधी दिलीच आहे, तर आधी दोन शब्द आभाराचे बोलावेत, म्हणून त्यांनी सुरुवात केली, "आज इथे उपस्थित असलेल्या सर्वांचे मी मनापासून आभार..."

खुर्च्या सरकल्या. जित्याची खोड, दुसरं काय. सगळं सभागृह उठलं, आणि ज्याने बोलायला सांगितलं होतं तो विभागप्रमुख सगळ्यांच्या पुढे होता. सर थांबा, थांबा म्हणत राहिले. पण आभार मानणाऱ्याचं आजवर कोणी ऐकलं होतं, म्हणून आज ऐकणार? बघता बघता सभागृह रिकामं झालं.

देव देतो आणि कर्म नेतं, असं मनाशी म्हणत सर खाली उतरू लागले.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली. "मी बसलेय ना."

"तुला कंटाळा येईल."

"येऊ दे. तुम्ही बोला. पण उद्या ती भिंत मी घासणार."

सरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. पुढे तासभर ते बोलत होते. चहाच्या गडबडीत त्यांना शोधायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाह्या वर सारून भिंत घासायला घेतली. सर मुकाट्याने बादली धरून उभे राहिले. घासता घासता शेवाळाच्या दोन जाती तिने बोट ठेवून अचूक ओळखल्या, आणि मग त्याही घासून टाकल्या. सरांच्या हाताखालून इतकी मुलं गेली, पण एकालाही ते जमलं नव्हतं. विभागप्रमुख झाला त्यालाही नाही.