तुज्यावर कोण रे?

माणूस काय करतो, किती शिकला, कुठे राहतो, या सगळ्याच्या आधी तो कुणाचा कोण हे ज्यांना कळावंच लागतं, अशा लोकांचं उद्या एखादं जागतिक संमेलन भरलं तर अध्यक्षपद माझ्या साडूंकडे बिनविरोध चालत येईल, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढता चढता ते मंडपवाल्याशी नातं लावून मोकळे होतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार चोपडे, तालुका पेडणे. नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, जिथे पुठ्ठ्याचे खोके होतात. तिथे ते कामगारांची भरती, हजेरी, रजा असली सगळी लफडी सांभाळत. कारखान्यात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मला ते मास्तर म्हणतात, कारण मी डिचोलीच्या एका शाळेत गणित शिकवतो. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही.

नवा माणूस दिसला की साडूंचा पहिला प्रश्न, "कोणालो रे तू?" म्हणजे तू कुणाचा? आमच्याकडे हा प्रश्न सगळेच विचारतात, पण उत्तर मिळालं की गप्प बसतात. साडूंचं काम तिथून सुरू होतं. आजोबा, मामा, आत्याचं सासर, कुळदेवता असं करत करत ते त्या माणसाला अशा गल्लीत आणून उभं करतात, की त्याला यांचं भाचेपण कबूल केल्याशिवाय बाहेर पडताच येऊ नये. एकदा शिवोलीच्या पुलावर हेल्मेट नाही म्हणून पोलिसाने अडवलं. साडूंनी स्कूटर बंद करायच्या आत त्याची मावशी चोपड्यात दिलेली आहे हे शोधून काढलं. पोलिसाने सगळं शांतपणे ऐकलं, "खरां मामा," म्हणाला, आणि दंडाची पावती फाडली. साडू घरी आले ते हवेत तरंगत. "दंड केलो मास्तर, पण मामा म्हणून केलो!" फोंड्याच्या एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं आणि हे भटजींच्या कानाला लागले, "अहो, ह्यो नवरो नवरीचो मामा लागता!" भटजी मंगलाष्टक चुकले. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, असा काही चिमटा काढला की बोलायची सोय नाही. "लांबचो म्हटलां गो," साडू कळवळून म्हणाले, "सात पिढ्यांपलीकडचो. लग्न जावंक हरकत ना."

आता अशा माणसाला स्वतःचं मूलबाळ असू नये, हा देवाचा कसला न्याय ते देवालाच ठाऊक. घरात तो विषय कुणी काढत नाही. साडूही नाही. ते दुसऱ्यांची नाती लावत बसतात.

आणि एकच माणूस त्यांना पुरून उरला होता. कारखान्याच्या फाटकावरचा बाबल. बाबल मूळचा म्हणे सिंधुदुर्गाकडचा, पोरवयात डिचोलीच्या खाणीवरच्या एका ट्रकबरोबर इकडे आला. कुणी आणलं, का आणलं, घरी कोण होतं, त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. नोकरीबरोबर मिळालेली फाटकाजवळची खोली, तेच त्याचं घर आणि तेच गाव. साडूंनी हरतऱ्हेने खोदून पाहिलं. त्याच्या बोलण्यातले हेल ऐकले, कानाची पाळी बघितली, एकदा तर त्याला मुद्दाम जेवायला बसवून, "बांगडो शेपटाकडसून खाता, म्हणजे वेंगुर्ल्याकडचो असतलो," असा शोध लावला. पुढच्या वेळी बाबलने डोक्याकडून खाल्ला. "कोणालो रे तू, बाबल?" असं रोज सकाळी फाटकात विचारायचं आणि बाबलने सलाम ठोकून, "कोणाचोच नाय, भाऊ," म्हणायचं, हा त्या दोघांचा रामराम झाला होता.

तर हा कारखाना पुण्याच्या एका कंपनीने विकत घेतला. त्यांनी आल्या आल्या जुन्या फायली बाजूला सारून माणसांची माहिती ठेवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं, साडूंकडून महिनाभर त्यात माहिती भरून घेतली, आणि एके दिवशी फर्मान आलं: या माहितीतून कोण कुणाच्या हाताखाली आहे याचा तक्ता तयार करा आणि सोमवारच्या बैठकीत दाखवा. खाली आणखी एक ओळ होती. ज्याच्यावर कुणी साहेब दिसणार नाही, तो माणूस पुढे ठेकेदाराकडे दिला जाईल. ठेकेदार म्हणजे आज तुये, उद्या वेर्णे, परवा कुठे ते त्यालाच माहीत.

ती शेवटची ओळ साडूंनी वाचलीच नसावी. शनिवारी पहाटे, पोदेर पाव घेऊन दारात यायच्या आधी, त्यांचा फोन. "मास्तर! कंपनीची वंशावळ काढूंक सांगल्या रे! सगळ्यांची! एका कागदार! तू ये. तुका काँप्युटर कळता." मला काँप्युटर कळतो म्हणजे मी शाळेचे निकाल एक्सेलमध्ये करतो. पण साडूंच्या उत्साहापुढे नाही म्हणणं म्हणजे भरतीच्या उलट होडी ढकलण्यासारखं. रविवारी सकाळी मी चोपड्याला हजर. ताईंनी पातळ भाजी आणि पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, पुढे ठेवली, साडूंनी मेजावर लॅपटॉप ठेवला, नमस्कार केला आणि म्हणाले, "कर सुरू!"

काम तसं सोपं होतं. सॉफ्टवेअरमधून सगळी माहिती एका फायलीत बाहेर काढायची. एका ओळीत एक माणूस: नंबर, नाव, हुद्दा, आणि शेवटच्या रकान्यात त्याच्या साहेबाचं नाव. ही फाईल तक्ता काढणाऱ्या प्रोग्रामला दिली की तो प्रत्येकाचा एक चौकोन करतो आणि साहेबाच्या चौकोनाखाली टांगतो. "जन्मभर खोके केले," साडू हात चोळत म्हणाले, "आतां आमीच खोक्यांत!" मी बटण दाबलं. पडद्यावर चौकोन उगवले, आणि आम्ही दोघेही पुढे वाकलो.

अख्खं पॅकिंग खातं कँटीनच्या आचाऱ्याखाली लटकत होतं.

त्याचं असं होतं, की कारखान्यात संतोष नाईक तीन. एक पॅकिंगचा प्रमुख, एक आचारी, एक ड्रायव्हर. प्रोग्रामने दिसला तो संतोष धरला. मी म्हटलं, नावाऐवजी नंबराने जोडू. साडूंना ते पटेना. "नंबर कैद्यांक दितात!" शेवटी आत नंबर आणि बाहेर नाव अशी तडजोड झाली, पण तक्ता बघणाऱ्याला तिघे वेगळे कळावेत म्हणून मधल्या नावाच्या जागी, गावात हाक मारतात तशी ओळख घालायचीच असा त्यांचा हट्ट. ड्रायव्हर झाला संतोष माडावाडो नाईक, आचारी झाला संतोष देवळाकडलो नाईक. पॅकिंगच्या प्रमुखाला टक्कल आहे. गाव त्याला 'केस ना तो संतोष' म्हणतं. साडूंनी टाईप केलं: संतोष केसना नाईक.

मग प्रोग्राम अडकला. खरेदीखात्याच्या प्रमुखावर स्टोअरकीपर, आणि स्टोअरकीपरवर खरेदीप्रमुख! दोघे एकमेकांचे साहेब! मी डोक्याला हात लावला. साडूंनी खरेदीप्रमुखाला फोन लावला.

"अरे, खात्यांत कोण मोठो?"

"खात्यांत हांव, भाऊ."

"मगे माका तुज्यावर स्टोअरकीपर म्हणून कित्याक सांगलें?"

"तो भावोजी न्हय काय रे आमचो! भैण दिल्या आमी त्येका. त्येच्यावर हांव, असां खंयच्या तोंडान सांगूं?"

साडूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आता याला उत्तर तूच दे. पण चूक साडूंचीच होती, आणि ती साडूंनाच शोभणारी होती. साहेबाचा रकाना भरायला ते फाटकात खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, "तुज्यावर कोण रे?" आता पेडण्याच्या माणसाला असं विचारल्यावर त्याला कारखाना आठवेल का? कुणी थोरल्या काकाचं नाव सांगितलं, कुणी सासऱ्याचं. तो सासराही कारखान्यातच असला की साडूंनी आनंदाने भरलं. दुपारपर्यंत आम्ही एकेक सासरा खाली उतरवत होतो. भावोजींना मात्र साडूंनी खरेदीखाली टांगलं तरी बाकीच्या चौकोनांपेक्षा दोन बोटं वर ओढून ठेवलं. "मान रवंक जाय," म्हणाले, म्हणजे मान राहायला हवा.

तिसऱ्यांचं सुकं आणि भात जेवून पुन्हा बटण दाबलं. आहाहा! काय सांगू, वरपासून खालपर्यंत झाड असं उभं राहिलं! साडू चक्क टाळ्या वाजवत उठले, ताईंना हाक मारली, शेजाऱ्यांना मारणार होते. तेवढ्यात कोपऱ्यात एक लाल ओळ दिसली. मी वाचली, "ऑर्फन, एक."

"कितें म्हणता तो?"

"काही नाही हो. ज्याचा साहेब यादीत सापडत नाही, त्याला प्रोग्राम ऑर्फन म्हणतो. अनाथ."

मी त्या ओळीवर टिचकी मारली. नाव: बाबल. हुद्दा: वॉचमन. साहेब: राखणदार.

फाटकाजवळच्या वडाखाली राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, जागा आहे. हातात काठी घेऊन तो रात्री सीमेवर फिरतो अशी सगळ्यांची श्रद्धा. बाबल त्याच्यापुढे दिवा लावतो, शनिवारी रोट ठेवतो. साडूंनी विचारलं, "तुज्यावर कोण?" आणि बाबलने वडाकडे हात जोडून सांगितलं, "राखणदार." साडूंनी तेही भक्तिभावाने भरलं होतं. आता ते गंभीरपणे म्हणाले, "मगे राखणदाराक नोकरीर दाखवूया." मी म्हटलं, "भाऊ, त्याची हजेरी?" "तो रात्रपाळी करता." खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं.

पण मग मी त्यांना फर्मानातली ती शेवटची ओळ वाचून दाखवली. साहेब नाही तर ठेकेदार. ठेकेदार म्हणजे खोली गेली. साडूंचा चेहरा उतरला. बाबलवरचा सुरक्षा अधिकारी मागेच नोकरी सोडून गेला होता, ती जागा कुणी भरली नव्हती. त्यांनी मॅनेजरांना फोन लावला. मॅनेजर म्हणाले, माझ्याखाली नको, पुण्याला काय करायचं ते करू दे. फोन ठेवून साडू त्या लाल ओळीकडे बघत बसले, आणि एकदम मेजावर हात आपटून ओरडले, "कोणाक ऑर्फन म्हणता रे ह्यो डबो? कोणाक? त्येका कितें खबर आसा?" ताई आतून धावत आल्या. मी इतक्या वर्षांत साडूंना रागावलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, माज्याखाल कोण आसा रे?"

मी तक्ता सरकवत कडेला नेला. मॅनेजरच्या खाली एका बाजूला साडूंचा चौकोन होता. त्याखाली काही नव्हतं. "कुणी नाही, भाऊ," मी म्हटलं. ताई पदर सावरत आत निघून गेल्या.

साडूंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी बाबलच्या साहेबाच्या रकान्यात स्वतःचं नाव भरलं. बटणही त्यांनीच दाबलं. लाल ओळ गेली, आणि त्यांच्या चौकोनातून एक बारीक रेघ खाली उतरली.

सोमवारी मी शाळेत रजा टाकून लॅपटॉप चालवायला गेलो. पुण्याच्या मॅडम पडद्यावर होत्या. त्यांनी वरपासून बघायला सुरुवात केली. "संतोष केसना नाईक. केसना हे वडिलांचं नाव का?" "होय मॅडम, जुनें नांव," साडू डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. मी टेबलाखाली चप्पल शोधायला वाकलो. मॅडम फिरत फिरत कडेला आल्या. "वॉचमन तुमच्या खाली कसा काय? याचं कारण?"

मी साडूंना रात्री एक कारण पाठ करून दिलं होतं, छान इंग्रजी शब्द घातलेलं. साडू उभे राहिले. घाम पुसला. म्हणाले, "मॅडम, तो आमचो."

मॅडमनी पडद्यावरून साडूंकडे निरखून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. राहू दे." आणि आता तरी बसावं ना माणसाने! पण नाही. "मॅडम, तुमी कोणाल्यां?" मॅनेजरांनी कपाळ धरलं. मॅडम आधी चपापल्या, मग हसत म्हणाल्या की त्यांचं कुळदैवत फोंड्याकडे आहे. झालं! बैठक त्यानंतर तासभर चालली आणि तीत कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही. बाहेर आलो तेव्हा फाटकात बाबल उभा होता. साडूंनी सवयीने विचारलं, "कोणालो रे तू?" त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "माज्याखाल आसा तू. कळ्ळें मरे? कागदार आसा." बाबलने नेहमीसारखा सलाम केला, पण हात खाली घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

साडू आता निवृत्त झालेत. घरी बसून कंटाळतात, पोदेराला दारात थांबवून त्याच्या आज्याची चौकशी करतात. परवा मी गेलो होतो तेव्हा कारखान्यातून फोन आला, साडूंनी तो स्पीकरवर टाकला. त्यांच्या जागी लागलेली मुलगी होती. बिचारी अगदी अडचणीत होती. "भाऊ, तुमचं नाव बंदच होत नाही हो. ज्याच्या खाली माणूस आहे त्याला सॉफ्टवेअर काढू देत नाही. मी बाबलला म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांग. तर तो म्हणतो, 'माझ्यावर भाऊच. भाऊ खंय गेलेत? चोपड्याक तर आसत.' आता मी काय करू?"

साडूंनी फोन तोंडाजवळ धरला आणि ते म्हणाले, "आसूं दी गो, बाय. काडूं नाका." फोन त्यांनी नीट बंद केला, मेजावर ठेवला, आणि जनेलातून बाहेर नदीकडे बघत राहिले. ताईंनी आणलेला चहा तसाच निवला. इतक्या वेळात ते त्या मुलीला 'कोणाली गो तू?' असं विचारायचं विसरून गेले होते.